मोजणी

मे महिन्यात गड्डीगोदामच्या खोलीत
कूलरची टाकी दोनदा भरावी लागते.
पहिल्यांदा पहाटे साडेचारला, नळ येतो तेव्हा.
पाइप टाकीत सोडायचा आणि तिथेच उभं राहायचं.
सहा मिनिटं लागतात.
तेवढीच माझी उपासना.
मग त्रिकोणमिती, क्षेत्रफळ, गटांचे नकाशे,
आशेर उठेपर्यंत.

सिल्वानस गेला त्याला तीन वर्षं झाली.
त्याआधीची दोन वर्षं, मंगळवार-शुक्रवार, मेडिकल.
त्याचं रक्त मशीनमधून फिरून परत यायचं
आणि मी बाकावर बसून देवाशी भांडायचे,
हळू आवाजात, नर्सला ऐकू जाऊ नये म्हणून.
देवाने उत्तर दिलं नाही.
उठूनही गेला नाही.
एवढं मी शपथेवर सांगू शकते.

मंडळीतल्या बायका आल्या. तांदूळ आणले, डाळ आणली.
"प्रभू बघून घेईल," म्हणाल्या,
आणि मला राग आला,
कारण बघण्यासारखं बरंच होतं घरात:
थकलेलं भाडं, औषधवाल्याची वही,
त्याच्या चपला.
कर्णेलिया मावशी, मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं आया,
काहीच बोलल्या नाहीत.
साचलेली भांडी घासली, हात पुसले,
दारात वळून म्हणाल्या,
"काहून बसून राहिली वो?
फारम त्याच्या हातात दे, पन आधी भर तर खरं."

फॉर्म भूकरमापकाचा.
सिव्हिल लाइन्सच्या झेरॉक्स दुकानात
दिवसभर मी दुसऱ्यांच्या सातबाराच्या प्रती काढते.
कुणाचं काटोल, कुणाचं उमरेड,
संत्र्याची बाग, विहीर, बोजा, वारसांची भांडणं.
कागद गरम निघतो. हाताला जमीन लागल्यासारखा.
माझा सर्व्हेअरचा दाखला
लग्नापासून ट्रंकेत होता, डांबराच्या गोळ्यांत.

पहिल्या वर्षी चार गुणांनी गेलं.
दुसऱ्या वर्षी दोन.
पाळकसाहेब म्हणाले, साक्ष देशील का एखाद्या रविवारी?
म्हटलं, निकाल लागू द्या.
पण घरी येताना, गुरुद्वाऱ्याच्या वळणावर,
वाटलं, निकालाचं काय त्यात.
पुढच्या रविवारी उभी राहिले. म्हटलं,
"नापास झाले. पुन्हा बसणार आहे. आमेन."
तरुण मुलांच्या बाकावर कोणी तरी हसलं.
मागून एकच आवाज आला,
"आमेन वो."

दफनभूमीत टेप घेऊन गेले एकदा,
सरावासाठी, असं स्वतःला सांगत.
साडेसहा फूट बाय अडीच.
आमच्या नावावरची तेवढीच जमीन,
तीही नगरपालिकेच्या वहीत नसेल.
कडेला कुणी तरी लिंबाचं रोप लावलंय,
मी नाही.

माझं नाव कसीया.
बाबा सांगायचे, हे नाव ज्या मुलीचं
तिच्या बापाचं सगळं गेलं होतं,
गुरं, लेकरं, कातडीसुद्धा.
पुढे सगळं परत आलं, असं लोक सांगतात.
मी विचारायचे, आधीची लेकरं?
ती कुठे परत आली?
बाबा चष्मा पुसत बसायचे.
मग म्हणायचे, ते मलाही कळत नाही गं.
पण एक बघ, त्या म्हाताऱ्याने
मुलींनाही भावांबरोबर जमिनीचा वाटा दिला.
दुःखातून उठलेल्या माणसाला
मोजणी नीट करता येते.

परीक्षा रविवारी आहे, वाडीच्या केंद्रावर,
नेमकी प्रभुभोजनाच्या वेळेला.
पाळकसाहेबांनी आधी तोंड वाकडं केलं,
मग म्हणाले, घरी येऊन देईन, संध्याकाळी.
मावशींनी कांदा दिलाय पर्समध्ये ठेवायला,
उन्हाचा.

मी मागत नाही पहिला नंबर.
मागायला लाज वाटते असं नाही,
मागून झालंय, अनेकदा, सिल्वानससाठी,
आणि माझ्या गुडघ्यांना ते आठवतं.
आता एवढंच म्हणते:
तू बाकावर बसायचास ना, तसाच
त्या हॉलमध्ये बस,
मागच्या रांगेत, कुणाला दिसू नकोस.
उत्तर मी लिहीन.

पाणी कधीचं टाकीवरून वाहतंय.
आज सात मिनिटं झाली.